तराजूवरच्या दोन बंदुका

आमच्या माहेरी दोन दुनळी बंदुका होत्या आणि त्या पुसायचं काम माझ्याकडे होतं. मुलीच्या हाती बंदुका कशा दिल्या, असं चांद्याला सासरी आल्यावर मला पुष्कळ बायकांनी विचारलं. उत्तर साधं आहे. थोरला भाऊ आळशी, धाकटा धसमुसळा, आणि नळीत तेलाचा एक थेंब जास्त राहिलेला बाबांना खपत नसे. उरले कोण? मी. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे "पोरीला हे काय शिकवता" असं म्हणणारंही घरात कुणी नव्हतं.

गाव चामोर्शीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मागे जंगल. धान निसवलं की रानडुकरं उतरायची, म्हणून पिकाच्या राखणीसाठी बाबांना बंदुकीचे परवाने मिळालेले. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. आम्ही मालगुजार नव्हतो, पण बाबांचा रुबाब तसा होता. तो रुबाब निम्मा मिशांचा आणि निम्मा त्या बंदुकांचा.

दोन्ही बंदुका बारा बोअरच्या. म्हणजे नळीचं तोंड सारखं, एकीचं काडतूस दुसरीत बिनबोभाट जायचं. पण त्यांना एका जातीच्या म्हणणं म्हणजे बैल आणि हरीण दोघांनाही चार पाय आहेत म्हणून एका दावणीला बांधणं. एक होती घोड्याची. बाहेर दोन मोठे घोडे, म्हणजे चाप ओढला की आपटणारे हातोडे, लांब नळ्या, गंजल्यासारखा तपकिरी रंग. विलायतेला परत जाणाऱ्या जंगलखात्याच्या एका साहेबाकडून बाबांनी ती घेतली होती. तिला आम्ही जडी म्हणायचो. दुसरी बिनघोड्याची, नागपूरच्या दुकानातून आणलेली, आखूड नळ्यांची. ती हलकी.

बाबांनी मला फरक शिकवला तो वजनावरून नव्हे. चापांच्या वर आणि नळ्यांच्या मुळाशी जो पोलादी ठोकळा असतो, ज्यात सगळं यंत्र बसलेलं असतं, त्याला आम्ही बॉडी म्हणायचो. बंदूक उघडून धरली की बॉडीच्या तोंडावर दोन बारीक छिद्रं दिसतात. त्यांतून काडतुसाला ठोकणारे खिळे बाहेर येतात. बाबांनी एकदा कोठीतून मूठभर धान आणवलं आणि त्या दोन छिद्रांच्या मध्ये दाणे टोकाला टोक लावून मांडले. हलकीच्या छिद्रांमध्ये तीन दाणे बरोबर बसले. जडीच्या छिद्रांमध्ये तीन बसून वर जागा उरली. "हेच तिचं हाडपेर," बाबा म्हणाले. "नळीची जाडी मागून वाढवता येत नाई, ते हाडापासूनच ठरते. रुंद हाडावर जाड नळी, जाड नळीले दमदार काडतूस. बारीक हाडावर बारीक नळी, तिले बेताचं काडतूस."

म्हणून काडतुसांचे डबे दोन. लाल झाकणाचा जडीचा, त्यात दारू भरगच्च आणि छर्रे मोठे, डुकरासाठी. बिनरंगाचा हलकीचा, त्यात बेताची दारू आणि बारीक छर्रे, तितर आणि रानकोंबड्यांसाठी. डब्यांची अदलाबदल करायची नाही, हा आमच्या घरचा देवघरापेक्षाही कडक सोवळ्याचा नियम होता.

बाबांनी बंदुकांना माणसंही नेमून दिली होती. थोरला भाऊ ठेंगणा, रुंद खांद्यांचा, बसला की बसला. त्याला आळशी म्हणते खरी, पण मचाणावर तोच आळस गुण व्हायचा. जडी त्याची. चार शेरांची ती बंदूक खांद्यावर घेऊन कुणी कोसभर चालू नये, पण एका जागी टेकवून बसलं तर तिचं ते वजनच बार उडाल्याचा धक्का पिऊन टाकायचं. धाकटा उंच, काटकुळा, त्याचे पाय जमिनीला टिकत नसत. त्याला हलकी. पहाटे निघून उन्हं चढेपर्यंत तो पळसाच्या रानातून फिरायचा आणि घरी आला की म्हणायचा, "बाई, हातात बंदूक होती का नाई, हेच इसरलो होतो मी." हलकीच्या बॉडीखाली तळहात ठेवला की बोटं दोन्हीकडून वर यायची, आणि ती आपोआप डोळ्यासमोर उभी राहायची. जडीला माझी बोटं पुरत नसत. पुसून झालं की मी तिला दोन्ही हातांनी, भरलेली घागर उचलावी तशी खुंटीवर चढवायची.

मी मधली. थोरला माझ्याहून मोठा, त्याला आम्ही दोघंही भाऊ म्हणायचो. धाकटा मला बाई म्हणायचा. हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवायच्या शिकारीला, दोघं भाऊ जोडीने जायचे. भाऊ जागा धरून बसायचा, धाकटा बाजूने चालत यायचा. हाका घालणारी माणसं जंगलातल्या गावातून यायची, आणि त्यांच्यात असं बोललं जायचं की मोठ्याच्या हातून सुटलेलं लहान्याच्या हातून सुटत नाही. मला माझ्या भावांचा फार अभिमान होता. आजही आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

बाबा गेले. वर्षश्राद्धाला मी चांद्याहून आले, आणि श्राद्ध उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी वाटणी झाली. भांडण नव्हतं, हे आधी सांगते. दोन चुली आधीच झाल्या होत्या, दोन्ही वहिन्यांचं पटत नव्हतं एवढंच, आणि ते कुठल्या घरात पटतं? वेगळं व्हायचं ते हसत व्हावं असं भावाने ठरवलं होतं. त्याने गावातले एक वयस्कर पंच बोलावले. हे पंच म्हणजे सगळ्या पंचक्रोशीतल्या वाटण्या केलेला माणूस. आपल्या हातून कुणाच्या पदरात चिमूटभरही कमी पडलं नाही, याचा त्यांना गर्व होता.

आमच्याकडे वाटणीची रीत अशी. जमीन बांध्या मोजून, बैल जोडी पाहून, आणि तांब्यापितळेची भांडी तराजूने. भांड्याचा आकार, कुणाच्या लग्नात आलं, कुणाचं नाव घातलंय, हे काही पाहायचं नाही. एका पारड्यात एकाची, दुसऱ्या पारड्यात दुसऱ्याची. जिकडे कमी पडेल तिकडे वाटी, पळी, जे हाताशी येईल ते टाकायचं. त्याला भर म्हणायचं. अंगणातल्या आंब्याच्या फांदीला धान मोजायचा मोठा तराजू टांगला होता. घंगाळ, गुंड, परात असं सगळं दोन ढिगांत गेलं. आईच्या हातची भांडी अशी खणखणत पारड्यात पडताना मला बघवत नव्हतं, पण न्याय न्यायाच्या जागी होता.

मग बंदुका आल्या. त्यात वाटायचं असं काही नव्हतंच. जडी भावाची, हलकी धाकट्याची, हे बाबांनी कधीच केलं होतं, आणि परवानेही तसेच दोघांच्या नावावर व्हायचे होते. भावाने जडी उचलून आपल्या ढिगाशी टेकवली, धाकट्याने हलकी घेतली. तेवढ्यात पंच म्हणाले, "थांबा. हे बी लोखंडच हाये ना? दोन्ही बराबर हायेत का, पाहून घेऊ."

मी ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "बाबाजी, बंदूक का गंज-परात हाये तोलाले?"

"तू पाहुनी हायेस, बाई," पंच म्हणाले. "लेकीनं वाटनीत बोलू नये. उद्या लोक म्हनतील, लहान्याले फसवलं."

लोक म्हणतील हे दोन शब्द आले की आमच्या गावात पुढे कुणाचंच काही चालत नाही. बंदुका पारड्यांत गेल्या. पारड्यात मावेनात म्हणून दोऱ्यांत अडकवून आडव्या टांगल्या. जडी खाली गेली, हलकी वर गेली, आणि जमलेली सगळी माणसं त्या वर गेलेल्या बंदुकीकडे पाहत राहिली. जडी चार शेरांना जराशी कमी भरली, हलकी तीन शेरांच्या आतच राहिली.

आता, ज्या कारागिराने ती हलकी केली, त्याने ती हलकी व्हावी म्हणूनच जन्म घालवला असेल. जड लोखंड काय, कुणीही ओतेल. ते लोखंड कमी करत आणून, हाड बारीक ठेवून, तरीही मजबूत राहील असं करणं, यातच तर सगळं आलं. जडीपेक्षा ती कशानेच कमी नव्हती, फक्त वेगळ्या कामाची होती. पण तराजूला हे कळत नाही. तराजूने सांगितलं, लहान्याला शेरभर कमी पडतं.

आणि भाऊ, माझा भला भाऊ, ज्याच्या मनाला काळंबेरं कधी शिवलं नाही, तो हसत उठला, आपल्या ढिगातला पितळेचा गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, उचलला, वर एक वाटी घेतली, आणि दोन्ही हलकीच्या पारड्यात टाकली. काटा सरळ झाला. "त्याले कमी नको पडाले," तो म्हणाला. पंचांनी मान डोलावली. मी धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण थोरल्यासमोर बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्याने बंदूक सोडवून घेतली, गडवा तिथेच ठेवला. त्याच्या बायकोने तो नंतर उचलून नेला आणि पाण्याच्या मडक्याशी ठेवला. गडवा चांगला होता, ती तरी काय करणार.

एवढ्यावर संपलं असतं. पण गावाला चघळायला काही मिळालं की गाव ते सोडत नाही. चामोर्शीच्या बाजारात कुणीतरी धाकट्याला विचारलं, "काऊन गा, गडव्यावाली बंदूक घेऊन नाई आला?" झालं. त्या दिवसापासून त्या बंदुकीचं नाव गडव्यावाली. हाक्याला माणसं म्हणायची, डुक्कर मोठं हाये, मोठ्या भाऊले पुढे घाला, गडव्यावालीनं काय होते. थट्टाच होती. त्यांना काही लागट बोलायचं नव्हतं. याच माणसांनी वाटणीच्या आधी त्याच बंदुकीची तोंड भरून तारीफ केली होती. पण तराजू सगळ्यांनी पाहिला होता ना. जे वर गेलं ते कमी, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर कानांनी ऐकलेलं कुणाला आठवतं?

त्या साली महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला आम्ही गेलो. दरसाल एका गाडीत जायचो. यंदा दोन गाड्या. मी भावाच्या गाडीत होते. मागे वळून पाहिलं तर धाकटा आपल्या गाडीत बैल हाकायला धुरकरी होऊन बसलेला, आणि मुद्दाम बैल रेंगाळत ठेवलेले, म्हणजे आमच्या गाडीची आणि त्याच्या गाडीची गाठ पडू नये. भावाला वाटलं त्याचा एक बैल लंगडतो आहे. "उतरून पाहू का?" मला म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे." माणूस भला असला की त्याला दिसतही कमी, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढच्या हंगामात मी माहेरी गेले तेव्हा सवयीने धाकट्याची बंदूक पुसायला घेतली. पुसायच्या आधी नळ्यांखालचं लाकूड काढलं आणि बंदूक कानाशी धरून हलवली. बाबांनी शिकवलेली परीक्षा होती ती. बंदूक घट्ट असेल तर ती मुकी राहते. ही बोलली. टक. पुन्हा हलवली, पुन्हा टक. मग उजेडाकडे धरली तर नळ्या आणि बॉडी यांच्यामध्ये केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. मी फळीवर पाहिलं. बिनरंगाच्या डब्याला धूळ बसली होती, आणि शेजारी नवा डबा होता. तसाच, लाल झाकणाचा.

धाकटा दारात उभा होता. मी डबा त्याच्यासमोर आपटला. "हे काऊन घातलं हिच्यात? बाबानं काय सांगतलं होतं?"

"डुक्कर पडते त्यानं," तो म्हणाला. "दोन पाडले मी. इचार कोनालेही. भाऊनं एकच पाडलं या साली."

"अरे, हाड खिळखिळं होऊन राह्यलं तिचं! आवाज ऐक!"

"तुले त सगळेच आवाज ऐकू येते, बाई," तो म्हणाला आणि बंदूक माझ्या हातातून काढून घेऊन निघून गेला. चापाच्या मागचं, मुठीत धरायचं लाकूड त्याने तांब्याच्या तारेने आवळलं होतं. तिथे तडा गेला होता. त्याच्या उजव्या गालाच्या हाडावर निळा डाग होता, तो मला आधी कुठेतरी पडून लागल्याचा वाटला होता. तो त्याच्या लाडक्या बंदुकीने मारलेल्या थपडेचा होता.

वजन कमी असलेल्या बंदुकीत भरगच्च काडतूस घातलं की ती धक्का पिऊ शकत नाही, तो खांद्याला आणि गालाला देते आणि उरलेला स्वतःच्या हाडात साठवते. एका बाराने काही होत नाही. एका हंगामाने होतं. आपण कमी नाही हे दाखवण्यासाठी धाकटा ती बंदूक मारत होता, आणि प्रत्येक डुकरामागे ती खरोखरच थोडी थोडी कमी होत होती. रागाच्या भरात माणूस आपलंच घर पेटवतो असं म्हणतात, पण धाकटा रागावलेलाही नव्हता. तो दुखावलेला होता, आणि दुखावलेल्या माणसाला समजावणं रागावलेल्यापेक्षा अवघड.

त्या उन्हाळ्यात तो बंदूक घेऊन चांद्याला आला. किल्ल्याच्या दरवाज्याच्या आत बंदुका दुरुस्त करणारं एक दुकान होतं, तिथे दाखवून दुपारी माझ्या घरी आला. बंदूक कापडात गुंडाळलेली कोपऱ्यात ठेवली, हात-पाय धुतले, पाटावर बसला आणि पहिला घास हातात घेऊन तसाच राहिला.

"काय म्हनला दुकानवाला?"

"बॉडी फाकली म्हनते. आता बार काढसान त डोळा जाईन. भिंतीवर लावा म्हनते." आणि मग ताटाकडे पाहत म्हणाला, "लोक गडवा म्हनत होते, बाई. मले सहन नाई झालं."

त्याला ओरडायला मी शब्द जुळवून ठेवले होते. ते सगळे गिळले. मी त्याच्या ताटात तूप वाढलं. तो न जेवताच उठला.

मी भावाला निरोप पाठवला. सगळं कळवलं, गडव्याचं सुद्धा. इतके दिवस हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण त्याच्या तोंडावर थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. निरोप मिळाला त्याच दिवशी तो जडी खांद्यावर टाकून धाकट्याच्या दारात गेला. हे मला धाकट्या वहिनीने सांगितलं. भाऊ ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "हे घे. मले कायले पाहिजे? मी बसून राह्यतो नुसता. परवान्याचं पाहू मंग." त्याने बंदूक पुढे केली. मनापासून केली, वहिनी म्हणाली, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

धाकटा म्हणाला, "आन मंग तुले वर काय भर देऊ, भाऊ?"

भावाने बंदूक पुन्हा खांद्यावर घेतली आणि तो घरी गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. ज्या वहिन्यांचं कधी पटत नव्हतं, त्या आता विहिरीवर एकमेकींशी बोलायला लागल्या. नवऱ्यांचे निरोप त्यांनाच न्यावे लागत होते ना.

त्यानंतरच्या भाऊबीजेला मी गेले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी दोन्ही घरी पोटभर जेवले आणि तरीही उपाशी राहिले. आधी थोरल्याकडे. संध्याकाळी त्याच्या भाकरी मीच शेतावर घेऊन गेले. बाबांच्या एका लांब बांधीच्या आता दोन झाल्या होत्या. एका टोकाला भावाचं मचाण, दुसऱ्या टोकाला धाकट्याचं. धान पिवळं पडायला लागलं होतं आणि डुकरांनी जागोजागी लोळून त्यात खळगे केले होते. इतकं नुकसान बाबांच्या वेळी मी कधी पाहिलं नव्हतं. मचाणाजवळ गेले तर भाऊ वर बसून काठीने घासलेटचा रिकामा डबा बडवत होता. पलीकडूनही डब्याचाच आवाज येत होता.

"बंदूक कुठी हाये, भाऊ?"

"देऊन टाकली चांद्याले. दुकानात."

"काऊन?"

त्याने डबा खाली ठेवला. "हलकी मोडल्यावर एकदा बार काढला मी. मंग तिकडून डबा वाजाले लागला. मले वाटलं, त्याच्या कानावर हा बार जाते, आन त्याच्या हातात डबा हाये. रोज रोज त्याले ऐकवू का मी? दोघाइकडे बी नको मंग. बराबर झालं." आणि हसण्याचा प्रयत्न केला. "डुकरं नाई भीत डब्याले. सवय झाली त्याईले."

दुसऱ्या दिवशी धाकट्याकडे ओवाळलं. तो थोरल्याविषयी काही विचारेना, म्हणून मीच सांगितलं. भावाने जडी देऊन टाकली, आणि तुझ्यासाठी दिली. मला वाटलं होतं, हे ऐकून तरी तो वितळेल.

तो पाटावरून उठला नाही. कपाळावरचा ओला कुंकवाचा टिळा बोटाने चाचपत राहिला. "तरीच," म्हणाला.

"काय तरीच?"

"मी वाट पाह्यत होतो, बाई. रोज दिवेलागनीले वाट पाह्यत होतो. भाऊचा बार झाला का मले समजे, हाये तिकडे तो, बसला हाये. त्याच्याशी बोलून नाई राह्यलो मी, पन तेवढं ऐकलं का बरं वाटे. पहिल्या दिवशी झाला, मी डबा वाजवून जवाब देल्ला. मंग झालाच नाई. मले वाटलं, भाऊनं माह्या बाजूचं मचानच सोडलं. डबा वाजे, पन मले वाटलं नोकर बसवला असन."

मी तशीच चपला घालून थोरल्याकडे गेले. चार घरं मध्ये. तो अंगणात दोर वळत बसला होता. मी एका दमात सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. दोर वळणारे त्याचे हात थांबले. मला वाटलं आता उठेल, असाच अनवाणी चालत जाईल, आणि मी मागून रडत जाईन. मी पदर खोचून तयार उभी होते.

तो उठला नाही. "आता बंदूक कुठून आनू?" म्हणाला. पुन्हा दोर हातात घेतला, आणि खाली पाहतच म्हणाला, "त्याले म्हन, नोकर नाई बसवला. मीच असतो. आता डबाच ऐक म्हना माहा."

मी परत चार घरं चालत आले आणि हा निरोप धाकट्याला दिला. तो आधी हसला. मग लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून रडला. आणि दिवेलागणीला डबा घेऊन आपल्या मचाणावर जाऊन बसला.